शोधाला निघालेल्या वीराची गोष्ट सांगायची असेल, तर आधी परतीची वाट ठरवा

वीर शोधाला निघतो ती गोष्ट सांगायला घेतली की बहुतेकांचा सगळा जोर निघण्यावरच खर्च होतो. धनुष्य, रथ, थोरांचा आशीर्वाद, समुद्रावरची झेप. पोरांचे डोळे मोठे होतात, सांगणाऱ्यालाही चेव येतो आणि पाऊण तास तिथंच सरतो. मग परतीच्या वाट्याला दोन वाक्यं उरतात: काम फत्ते झालं, सगळे सुखानं राहू लागले. माझं म्हणणं असं, की शोधकथेचा जीव परत येण्यात असतो. वीर काय घेऊन येणार, ते कुणाच्या हातात ठेवणार, आणि रिकाम्या हातानं आला तर कुणाचं काय होणार, एवढं सांगणाऱ्याच्या मनात पहिलं वाक्य उच्चारायच्या आधी पक्कं हवं.

मी नागपूरला नंदनवनात राहते. शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या इमारतीच्या गच्चीवर पोरांना आख्यानं सांगते. मे महिन्यात इथं दिवसा बाहेर पाऊल टाकवत नाही, आणि गच्ची तर सूर्य बुडाल्यावरही तापलेलीच असते. बादलीभर पाणी शिंपडायचं, सतरंज्या अंथरायच्या आणि आठाला सुरुवात करायची. पुढे पहिलीपासून आठवीपर्यंतचे पोट्टे, मागे खुर्च्यांवर आजी-आजोबा. तुमची बैठक वाचनालयात असो, वस्तीतल्या समाजमंदिरात असो की घरच्या दिवाणावर, पुढचं सगळं तिथंही लागू पडतं.

आधी कागद घ्या

गोष्ट कोणतीही निवडा, पण कागदावर पहिल्यांदा शेवटचा प्रसंग लिहा. वीर कुणासमोर उभा आहे? त्याच्या हातात काय आहे? समोरचा माणूस कधीपासून वाट पाहतोय? नंतर त्याच्याखाली लिहा की तो आलाच नसता तर काय झालं असतं. हे लिहून होईपर्यंत सुरुवातीला हात लावू नका. मी सुंदरकांड सांगते तेव्हा माझ्या कागदावर असतं: रामासमोर हनुमान, हातात सीतेचा चूडामणी, म्हणजे केसांतला दागिना, रावणानं तिला दोन महिन्यांची मुदत दिली आहे आणि ती म्हणाली आहे, मी महिनाभरच जगेन. एवढ्यावरून आख्यानाची गती आपोआप ठरते. महिनाभराचा निरोप घेऊन येणारा माणूस वाटेत रेंगाळणार नाही, म्हणून सांगणाऱ्यालाही लंकेच्या सोन्याच्या भिंतींचं वर्णन करत रेंगाळता येत नाही.

पहिली संध्याकाळ: दहा वानर आणि अंगदाचं उत्तर

आता हाच प्रसंग जवळून पाहू, कारण शोधकथा कशी उभी करायची ते वाल्मीकींनी इथं फार स्पष्ट दाखवलंय.

सुग्रीवानं चारी दिशांना वानर धाडले आणि महिन्याची मुदत घातली. मुदत टळली तर मरण. दक्षिणेकडे गेलेल्या टोळीत अंगद, जांबवान आणि हनुमान. बाकी तीन दिशांचे लोक महिन्याच्या आत हात हलवत परतले. दक्षिणवाल्यांचा महिना मात्र स्वयंप्रभा नावाच्या तपस्विनीच्या गुहेत हरवला. बाहेर आले तर मुदत संपलेली. अंगद म्हणतो, परत जाऊन मरण्यापेक्षा इथंच अन्नपाणी सोडून बसू. म्हणजे वीरानं अजून समुद्रही ओलांडलेला नाही आणि परतायची भीती त्याआधीच येऊन बसली आहे. हा भाग गाळू नका. गुहेतली झाडं, सरोवरं थोडक्यात सांगितली तरी चालेल, उपोषणाला बसलेले वानर मात्र नीट दिसले पाहिजेत.

मग जटायूचा भाऊ संपाती सांगतो की सीता लंकेत आहे, शंभर योजनांवर (योजन हे अंतराचं जुनं माप). आता कोण उडी मारणार? इथं मी दहा पोरांना गच्चीच्या कठड्यापासून रांगेत उभं करते. प्रत्येकाला एक नाव आणि एक आकडा. गज म्हणतो, मी १० योजनं जाईन. गवाक्ष म्हणतो २०. शरभ, ऋषभ, गंधमादन दहा-दहानं वाढवत नेतात. मैंद ६०, द्विविद ७०, सुषेण ८०. जांबवान म्हणतो, तरुण होतो तेव्हा गोष्ट निराळी होती, आता ९०. प्रत्येक आकड्याला मागची मंडळी टाळ्या वाजवतात, आवाज चढत जातो. आणि मग अंगद झालेला पोरगा म्हणतो, मी १०० योजनं जाईन, पण परत येता येईल की नाही सांगता येत नाही.

टाळ्या तिथं थांबतात. मी काही समजावत नाही, दरवर्षी पोरांना आपसूक कळतं. कुणीतरी विचारतंच, "आजी, जाता येते तर परत येता काहून नाही येत?" त्याचं उत्तर देऊ नका. त्यालाच उलटं विचारा, तुला काय वाटतं? एक पोरगी म्हणाली होती, जाताना डोक्यात काम असते, येताना नुसता थकवा असते. बारा वर्षांच्या मुलीकडून याहून चांगलं निरूपण मला नको.

जांबवान अंगदाला थांबवतो, कारण तो टोळीचा म्होरक्या. मग तो वळतो बाजूला गप्प बसलेल्या हनुमानाकडे. या वळण्यावर पहिली संध्याकाळ संपवा. हनुमान अजून उठलेला नाही, बोललेला नाही. रामनवमीला पोद्दारेश्वर राममंदिराच्या शोभायात्रेत चित्ररथ पाहिलेल्या पोरांच्या डोळ्यांत उडणारा हनुमान आधीपासूनच असतो. तो एक रात्र बसून राहू द्या.

अडवणारे एकासारखे एक नकोत

दुसऱ्या संध्याकाळचं सगळं यश वाटेतल्या अडथळ्यांच्या क्रमावर आहे. नवख्या कथेकऱ्याचे राक्षस एकामागून एक येतात आणि वीर एकामागून एक मारत सुटतो. तिसऱ्या राक्षसाला पोरं जांभया देतात. वाल्मीकींचा क्रम बघा.

पहिला येतो मैनाक पर्वत, आणि तो शत्रू नाही. समुद्रातून वर येऊन तो म्हणतो, थांब, बस, फळं खा. वायूनं कधीकाळी त्याचे पंख इंद्रापासून वाचवले होते, म्हणून वायूपुत्राचा त्याला उपकार फेडायचाय. हनुमान त्याला हातानं स्पर्श करतो, मान ठेवतो आणि थांबत नाही. दुसरी सुरसा. देवांनी परीक्षेला पाठवलेली नागमाता, तोंडात शिरल्याशिवाय पुढे जाऊ न देणारी. तो मोठा होतो, ती जबडा मोठा करते, तो आणखी मोठा, ती आणखी. मग तो अंगठ्याएवढा होऊन आत जातो आणि बाहेर येतो. तिची अटही पाळली, वाटही मोकळी झाली. तिसरी सिंहिका, सावली धरून खाली ओढणारी, आणि तिला मात्र तो ठार मारतो. शेवटी लंकेच्या वेशीवर नगरीची रक्षक देवता. ती आधी मारते, तो डाव्या मुठीचा एकच फटका देतो, तोही हलका, कारण ती बाई आहे.

चार ठिकाणी चार निरनिराळे गुण लागले: मोह टाळणं, अक्कल, ताकद, आणि ताकद आवरणं. स्वतःची गोष्ट रचत असाल तेव्हा प्रत्येक अडथळ्यासमोर लिहा की इथं वीराकडून काय मागितलं जातंय. दोन ठिकाणी एकच शब्द आला तर एक अडथळा काढून टाका. मैनाकाला मात्र कधीच काढू नका. प्रेमानं थांबवणारा माणूस दाखवला की पोरांना वीराची ओढ जास्त कळते. त्यांना स्वतःला रोज तसं कुणीतरी थांबवत असतं, जेवून जा म्हणून.

हरल्याची रात्र

लंकेतला शोध सांगताना घाई करू नका. मांजराएवढा होऊन हनुमान घरोघरी हिंडतो. रावणाच्या अंतःपुरात त्याला एक सुंदर स्त्री झोपलेली दिसते, आणि हीच सीता असं वाटून तो नाचतो, दंड थोपटतो, आपल्या शेपटीचा मुका घेतो. ती मंदोदरी असते. मग तो स्वतःशीच विचार करतो, रामापासून तुटलेली सीता दागिने घालून अशी निवांत झोपेल का? पोरं हसून लोळतात त्या शेपटीच्या मुक्यावर. हसू द्या, कारण पुढे काळोख आहे.

सीता सापडत नाही. हनुमान एका जागी बसतो आणि परतण्याचा हिशेब मांडतो. मी न पाहता गेलो तर राम जगणार नाही. राम नाही तर लक्ष्मण नाही. मग भरत, शत्रुघ्न, त्यांच्या आया. मग सुग्रीव, अंगद, सगळे वानर. मी किष्किंधेला जाणारच नाही, इथंच कुठे वनात राहीन, नाहीतर प्राण सोडेन. समुद्र उडून आलेला वीर आणि त्याची ही अवस्था! माझ्या मते सबंध सुंदरकांडात याहून मोठं काही नाही. इथं आवाज खाली आणा, नावं एकेक करून घ्या, मधे थांबा. शूर माणसालाही परत जायची भीती वाटते, हे पोरांना हनुमानाच्या तोंडूनच ऐकू द्या. त्या रात्री वरच्या मजल्यावरचे एक आजोबा, जे एरवी नऊच्या ठोक्याला उठतात, ते उठले नव्हते.

अशोकवन, अंगठी, चूडामणी ही तिसरी बैठक. लंकादहन पोरांना पाठ असतं, त्याला दहा मिनिटं पुरेत.

परतीसाठी अख्खी संध्याकाळ

हनुमान महेंद्र पर्वतावर उतरतो आणि आल्याबरोबर एकच बातमी देतो, सीता दिसली. वर्णन मागाहून. तुम्हीही हाच क्रम ठेवा. ऐकणाऱ्याला ताटकळत ठेवायची जागा समुद्रावर होती, इथं नाही.

मग जांबवान म्हणतो, सगळं सविस्तर सांग, आणि हनुमान मैनाकापासून सगळी हकिकत पुन्हा सांगतो. वाल्मीकींनी त्याला त्यासाठी भलामोठा सर्ग दिला आहे. वाचताना वाटतं हे आत्ताच तर झालं, पुन्हा कशाला? बैठकीत बसलात की कळतं. या जागी मी एका पोराला हनुमान करते आणि त्याच्याकडून सगळं वदवून घेते. जे मधल्या दिवशी लग्नाला गेले होते त्यांना गोष्ट कळते, जे होते ते चुका काढतात, आणि सांगणाऱ्या पोराची मान अशी काही ताठ होते की बघत राहावं.

त्यानंतर मधुवन. परतणारे वानर सुग्रीवाच्या राखीव मधुवनात घुसतात, मध पिऊन धिंगाणा घालतात, राखणदार दधिमुखाला बुकलतात. तो रडत सुग्रीवाकडे जातो. आणि सुग्रीव रागावण्याऐवजी ओळखतो की काम झालेलं आहे. नाहीतर मुदत चुकवलेल्यांची माझ्या बागेला हात लावायची छाती झाली नसती. बातमी येण्याआधी बातमीचा आवाज येतो तो असा. शेवटी राम. चूडामणी हातात येतो, तो रडतो. हनुमानाला देण्यासारखं माझ्याजवळ काही नाही म्हणतो आणि त्याला मिठी मारतो. हा प्रसंग सांगून झाला की लगेच उठू नका आणि तात्पर्य सांगू नका. पाण्याची बाटली उघडा, घोटभर प्या, पोरांना आपसात बोलू द्या.

आपल्या विदर्भाची गोष्ट

मोठ्या मुलांसाठी, आणि मोठ्यांसाठीही, पुढची गोष्ट नल-दमयंतीची घ्या. दमयंती विदर्भाच्या भीम राजाची मुलगी. तिचं कुंडिनपूर म्हणजे वर्धेच्या काठचं, अमरावती जिल्ह्यातलं कौंडण्यपूर असं मानतात. रुक्मिणीचं माहेर म्हणून ते सगळ्यांना ठाऊक असतं, दमयंतीचंही म्हटलं की पोरं सरसावून बसतात. महाभारतात वनपर्वात बृहदश्व ऋषी ही कथा युधिष्ठिराला सांगतात, जुगारात सगळं हरलेल्याला जुगारात हरलेल्याचीच.

इथं शोध घेते ती बायको. घराबाहेर न पडता घेते. ब्राह्मणांना गावोगाव पाठवते आणि एकच प्रश्न विचारायला लावते, अर्धं वस्त्र कापून घेऊन झोपलेल्या बायकोला रानात टाकून गेलास, जुगाऱ्या, कुठे आहेस? ज्याला हे लागेल तोच उत्तर देईल. अयोध्येत ऋतुपर्ण राजाचा कुरूप सारथी बाहुक उत्तर देतो, आणि हा बाहुक म्हणजे रूप बदललेला नलच. मग ती दुसऱ्या स्वयंवराची हूल उठवते, उद्याच आहे म्हणून, कारण एका दिवसात अयोध्येहून इथवर रथ आणील असा सारथी एकच.

रथाचा प्रवास मनापासून सांगा. ऋतुपर्णाचं उपरणं पडतं, तो थांब म्हणतो, बाहुक म्हणतो ते आता योजनभर मागे राहिलं. पुढे बेहड्याच्या झाडाशी राजा पानं आणि फळं न मोजता आकडा सांगतो. बाहुक रथ उभा करून मोजायलाच बसतो, आकडा बरोबर निघतो. तिथं तो राजाकडून फाशांची विद्या घेतो आणि त्याच्या अंगात शिरून त्याला जुगारात बुडवणारा कली बाहेर पडतो. हीच विद्या शेवटी, जुगारात राज्य जिंकून घेतलेल्या भावाकडून, पुष्कराकडून, ते परत जिंकायला कामी येते. वाटेत मिळालेलं काहीतरी शेवटी लागलंच पाहिजे, हा नियम यापेक्षा स्वच्छ मला कुठे दिसलेला नाही.

आणि पुन्हा परत येणं! नल दारात आला तरी तो आला असं होत नाही. रूप बदललेलं आहे. दमयंतीला रथाच्या घरघराटावरून संशय येतो. ती दासी केशिनीला स्वयंपाकघरात पाठवते: तो पाहतो तशी भांडी पाण्यानं भरतात, गवताची मूठ उन्हात धरली की पेटते. ती त्याच्या हातचं रांधलेलं मागवून चाखते. मग मुलांना पाठवते, आणि तो त्यांना उचलून रडतो. चवीवरून नवरा ओळखणारी बाई आमच्या गच्चीवरच्या सगळ्या आज्यांना एकदम पटते.

ग्रीकांच्या ओडिसीतही हेच बळ आहे. २४ सर्गांच्या त्या काव्यात नायक १३ व्या सर्गात झोपेतच मायभूमीच्या किनाऱ्यावर उतरवला जातो, आणि उरलेलं जवळजवळ निम्मं काव्य घरी परतलेल्या माणसाची ओळख पटवण्यात जातं. पायावरच्या जुन्या व्रणावरून म्हातारी दाई ओळखते, बायको पलंगाच्या गुपितावरून परीक्षा घेते. उलट मेसोपोटेमियाच्या प्राचीन काव्यातला राजा गिल्गमेश अमरपणाची वनस्पती मिळवतो आणि येताना थंड पाण्यात उतरतो तेव्हा साप ती पळवतो. तो रिकाम्या हातानं परततो आणि सोबतच्या नावाड्याला आपल्या शहराची तटबंदी दाखवतो. मोठ्या मुलांना ही जरूर सांगा. रिकाम्या हातानं परत येणाऱ्याचीही कथा असते हे त्यांना कळलं पाहिजे.

लिंगोची कथा ऐकायला जा

नागपूरकरांनी एक कथा टाळू नये: गोंड समाजाच्या पारी कुपार लिंगोची. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी परधानांकडून, म्हणजे गोंडांच्या परंपरागत गायकांकडून, ऐकून तिचा एक पाठ टिपून ठेवला. ते १८६३ मध्ये टाकळघाटहून परतताना ओढ्यात बुडून गेले, आणि मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये त्यांचे कागद छापले. त्या पाठात गुहेत कोंडलेल्या गोंडांना सोडवायचं म्हणून महादेव लिंगोला बिंदो पक्ष्याची पिल्लं आणायला सांगतो. पिल्लं सापडतात तेव्हा आईबाप घरट्यात नसतात. लिंगो म्हणतो, आत्ता नेली तर मी चोर ठरेन. तो थांबतो, पिल्लं खायला आलेल्या सापाला मारतो, आणि परतलेले पक्षी आपणहून त्याला पंखांवर घेऊन जातात. परतीच्या वाटेवर पुन्हा पूर आलेली नदी आहे, पाठीवर घेऊन मधेच बुडवू पाहणारी मगर आहे आणि वाचवणारं कासव आहे.

ही कथा छापील कागदावरून उचलून रंगवू नका. ती ज्यांची आहे त्यांच्यासाठी ती श्रद्धा आहे, आणि तिचे पाठही अनेक आहेत. माघ पौर्णिमेला गोंदिया जिल्ह्यात सालेकसा तालुक्यातल्या कचारगडला यात्रा भरते, तिथं जा, गाणाऱ्यांच्या तोंडून ऐका, आणि सांगायची असेल तर त्यांनाच बोलवा. आपण सतरंजीवर बसायचं.

स्वतःची रचायची असेल तर

सुट्टीच्या शेवटी मी पोरांना स्वतःची शोधकथा रचायला लावते, आणि सुरुवात तोच कागद: शेवटचा प्रसंग. यंदा सातवीतल्या एका मुलीनं नाग नदीचा उगम शोधायला निघालेली नायिका घेतली. वाडीजवळच्या लाव्हा टेकड्यांपर्यंत ती उलटी चालत जाते, शहरातल्या काळ्या पाण्याच्या काठानं. अडवणारे तिनं छान निवडले: पुलावरचा कुत्रा, घरी परत चल म्हणणारी मावशी (हा तिचा मैनाक), आणि नदी कुठली, हा तर नाला आहे म्हणणारा माणूस. परत येऊन ती कुणासमोर उभी राहते? या नदीत लहानपणी पोहलेल्या पणजीसमोर. हातात काय? इथं ती अडली. आधी तिनं लिहिलं, उगमाच्या स्वच्छ पाण्याची बाटली. मी विचारलं, ते पाणी वाटेत सांडलं तर पणजीला काय सांगशील? तिनं कागद परत नेलाय, शनिवारी वाचून दाखवणार आहे.